आधी माप, मग पैसे

(महिला कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कायदा, आरोग्य, बचत गट या विषयांच्या मध्येच ‘जीपचे इंजिन’ हा विषय पाहून काहीजणी हसल्या. पण जीप बंद पडली की काय होते, हे आपल्यापैकी अनेकींनी अनुभवले आहे. आमच्या गावांतून शेवटची एस.टी. संध्याकाळी सहाला जाते. त्यानंतर एखादीला मारून घराबाहेर काढले, तर तिला ग्रामीण रुग्णालयात किंवा पोलीस ठाण्यात न्यायला ही जीपच असते. तेव्हा इंजिनाचा खर्च हा संघटनेच्या कामाचाच प्रश्न आहे.

आमची जीप जुनी, चार सिलिंडरची, डिझेलची. गेल्या वर्षी ती निळा धूर सोडू लागली. दर आठवड्याला ऑइल घालावे लागे आणि चढावर गाडी ओढेना. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढले, तर आतून भसाभसा धूर येई. याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत आणि दाब खाली निसटतो आहे. धूर काळा असता तर आधी एअर फिल्टर आणि नोझल पाहिले असते. ते काम थोडक्यात होते, त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही.

गॅरेजवाल्याने ‘सगळे धरून अठ्ठेचाळीस हजार’ सांगितले. कशाचे किती, असे विचारल्यावर म्हणाला, “ताई, ते तुम्हाला नाही कळायचं. कुणी पुरुष माणूस असेल तर पाठवा.” संघटनेचा पैसा शेतमजूर बायांनी पन्नास-पन्नास रुपये वर्गणी देऊन जमवलेला. त्यांना ‘सगळे धरून’ हा हिशेब कसा दाखवणार? आमच्या खजिनदार ताई आणि मी दोघी इंजिनाबरोबर मशीन शॉपमध्ये गेलो.

गॅरेज इंजिन खोलते आणि जोडते. घासणे, कापणे, सपाट करणे हे काम लेथवाल्याचे, म्हणजे मशीन शॉपचे. तिथे सगळा कारभार मापाचा. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या पाच ते दहा पट जाड असतो. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, उभा-आडवा दोन्हीकडून मोजतात. झीज वरच्या भागात जास्त असते. तिथले आणि तळाचे माप यांत किती फरक आहे, यावरून बोअर करायचा की नुसते होनिंग पुरे, हे ठरते. क्रँकशाफ्टचेही तसेच. झीज मर्यादेत असेल तर पॉलिश भागते. ग्राइंडिंग केले की तो पाव मिलिमीटरने बारीक होतो, बेअरिंग त्या मापाचे घ्यावे लागते, आणि गेलेले लोखंड परत येत नाही. मोजले नाही तर सरसकट सगळेच ग्राइंड होते. आपला पैसा जातो तो इथे.

आम्ही चार गोष्टींचा आग्रह धरला. एक, धुऊन झाल्यावर हेड आणि ब्लॉकला तडा आहे का, हे आधी तपासा. तडा निघाला तर बाकीचा खर्च पाण्यात. दोन, प्रत्येक माप कागदावर लिहून द्या. तीन, पिस्टन आधी आणू, मग त्याच्या मापाने बोअर करा. चार, बोअर, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, क्रँक यांचे दर वेगवेगळे लिहा, पक्के बिल द्या आणि काढलेले जुने सुटे भाग आम्हाला परत करा.

तडा नव्हता. चारही सिलिंडर बोअर करावे लागले. ते टळण्यासारखे नव्हते. क्रँक मात्र मर्यादेत निघाला, पॉलिशवर भागले. शेवटी सारा खर्च छत्तीस हजारांत बसला. कुणी दुसरे जुने इंजिन बसवा असेही सुचवले होते. पण त्याच्या पोटात काय आहे कोण सांगणार? शिवाय इंजिन नंबर बदलला की आर.टी.ओ.त नोंद करून घ्यावी लागते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आम्ही मजुरीत घासाघीस केली नाही. बोअरिंग मशीनवरचा कामगार दिवसभर उभा राहून, तेलात हात घालून काम करतो. वाचवायचे ते नको असलेले काम, त्याचा रोज नव्हे. बायांच्या कामाला दाम मागणाऱ्या आपण, दुसऱ्याच्या घामाचे दाम पाडायचे नाहीत.

‘बाईला यंत्रातले कळत नाही’ हे काही आभाळातून पडलेले नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमाने चालत्या यंत्राची साफसफाई, तेल देणे, जुळणी ही कामे बाईला आणि अल्पवयीन कामगारांना एकाच वाक्यात बंद केली. हेतू सुरक्षिततेचा असेल. पण त्यासाठी बाईलाच बाजूला केले. जिला हातच लावू दिला नाही, तिला कळणार कसे?

म्हणून माझी सूचना अशी. ज्या गटाकडे गाडी आहे, त्या गटातल्या दोघींनी तिची वही ठेवावी. किती किलोमीटरला किती ऑइल घातले, कधी बदलले, कुठले माप किती निघाले, सारे त्यात असावे. इंजिन नवे बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी दामटू नये, जादा माणसे भरू नयेत, आणि पहिले ऑइल लवकर, पाचशेच्या आसपास बदलावे. आणि वस्तीतली एखादी मुलगी दहावीनंतर काय करू म्हणून विचारत असेल, तर शिवणकामाबरोबर आय.टी.आय.मधल्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचेही नाव तिला सांगा. अर्ज भरायला तिच्याबरोबर जा.

आमची वही आणि मापांचे कागद मी इथे आणले आहेत. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना पाहायचे असतील त्यांनी जरूर पाहावेत.