हात लागतो, तेव्हा



१९०१ साली साताऱ्याहून निघालेला भीवा घरच्या पोरांसोबत मसूर स्टेशनावर उतरला. जात कळली आन् एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एकानं दुप्पट भाडं घेतलं. पण गाडी पोरांनीच हाकायची, हा बाजूनं चालणार.

आज सातारा-सांगलीच्या रस्त्याकडेच्या कुठल्याबी गॅरेजात जा. ठोकलेल्या गाडीचा पत्रा आतून डॉली लावून हातोडीनं सरळ करायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं, प्रायमर, मग रंग. फुटलेली पुढची काच सांभाळून काढायची. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तोच तुकडे धरून ठेवतो. गाडीच्या तसूतसूला आपल्या पोरांचा हात लागतो. तेव्हा विटाळ कुठं जातो?

चकाकीच्या रंगात हार्डनर घालतात. त्यातल्या आयसोसायनेटनं दमा जडतो. तोंडाचा रुमाल ती वाफ अडवत नाही. गाडीला विमा आहे, रंग मारणाऱ्याला? दहापेक्षा कमी कामगार असले की ई.एस.आय. सहसा सक्तीचा नसतो.

म्हणून दोस्तांनो, बाहेरची हवा पुरवणारा मास्क मागा. नाही दिला तर गन खाली ठेवा. एकट्यानं नाही, सगळ्या गॅरेजांनी, एकाच दिवशी.