बंब, शेकोटी आणि उपनगरातली थंडी

तांब्याचा बंब हे मराठी घरातले हिवाळ्याचे जुने साधन. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा आणि नळीभोवती पाणी, अशी त्याची रचना. नळीत निखारे टाकून वर करवंट्या, नारळाची सोडणे किंवा लाकडाच्या ढलप्या घातल्या की धूर वरच्या तोंडाने निघून जातो आणि जाताजाता भोवतालचे पाणी तापवतो. काही बंबांना तोटी असे. काहींमध्ये वरच्या नरसाळ्यातून जेवढे गार पाणी ओतावे तेवढेच कढत पाणी चोचीतून बाहेर पडे. गार पाणी तळाशी जाते, गरम पाणी हलके असल्याने वर राहते, एवढ्याच नियमावर ही सोय उभी होती.

विलेपार्ले, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर इथल्या बैठ्या चाळींत आणि वाड्यांत बंबाच्या जोडीला भुशाची शेगडी असे. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचे. जळाऊ लाकूड आणि कोळसा वखारीतून येई. 1950 च्या दशकात मुंबईत घरगुती गॅसचे सिलिंडर आले, पुढे विजेचे गीझर आले, आणि बंब हळूहळू माळ्यावर गेले.

या बंबाशी एक अंदाज जोडलेला होता. तो लवकर पेटवावा लागला, तर यंदा थंडी कडक. दिवाळीतच अंगावर काटा आला, तर संक्रांतीला हुडहुडी भरणार. या तर्कातली पहिली अडचण पंचांगाची आहे. दिवाळी तिथीने येते, त्यामुळे ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकते. नरक चतुर्दशी 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होती, 2024 मध्ये 31 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 20 ऑक्टोबरला. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर धरली जाते. त्यानंतर आकाश निरभ्र होते, वारे मंदावतात आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. म्हणजे लवकर आलेली दिवाळी उकाड्यात सापडते आणि उशिरा आलेली पहाटेच्या गारव्यात. अभ्यंगस्नानाच्या वेळची थंडी त्या वर्षीच्या हिवाळ्यापेक्षा त्या वर्षीच्या तारखेबद्दलच अधिक सांगते.

दुसरी अडचण मुळाशी जाणारी आहे. मुंबईची थंडी सलग नसते, ती लाटांनी येते. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ सरकत येतात आणि हिमालयात बर्फ, उत्तरेच्या मैदानात पाऊस देतात. विक्षोभ पुढे गेला की त्याच्या पाठीमागून कोरडे, गार वारे राजस्थान आणि गुजरातवरून खाली उतरतात. ते मुंबईपर्यंत पोचले की दोन-चार रात्री पारा घसरतो. मग वारा फिरतो, समुद्रावरची दमट हवा परत येते आणि पांघरूण पायाशी जाते. वारा उत्तरेऐवजी पूर्वेकडून वाहू लागला, तर समुद्री वारा दुपारपर्यंत अडून राहतो आणि ऐन जानेवारीतही दिवसा घाम फुटतो. प्रत्येक लाट नव्या विक्षोभाची असते. नोव्हेंबरातल्या लाटेला जानेवारीतल्या लाटेची खबर नसते.

सांताक्रूझ वेधशाळेची नोंद याला पुष्टी देते. तिथला आजवरचा नीचांक 7.4 अंश सेल्सिअस, 22 जानेवारी 1962 चा. त्याच दिवशी कुलाब्याला 11.7 अंश होते. पुढे 2008 आणि 2012 मध्ये पारा 9 अंशांच्या खाली गेला, तो फेब्रुवारीत, म्हणजे तिळगूळ वाटून झाल्यावर आणि लोक उन्हाळ्याची भाषा बोलू लागल्यावर.

कुलाबा आणि सांताक्रूझ यांतला फरक एरवीही दिसतो. जानेवारीतले सरासरी किमान तापमान सांताक्रूझला 17 अंशांच्या आसपास असते, कुलाब्याला 19 च्या. कुलाबा तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे आणि समुद्राचे पाणी रात्रीतून फारसे गार होत नाही. उपनगरांतही सगळीकडे सारखे नसते. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, त्याला लागून आरे वसाहत. झाडीत आणि उघड्या जमिनीवर उष्णता रात्री झटकन निघून जाते, आणि गार हवा जड असल्याने उतारावरून खाली सरकते. म्हणून उद्यानाच्या कडेला शाल लागते तेव्हा अंधेरी स्थानकाजवळच्या दाट वस्तीत पंखा चालू असतो. काँक्रीट आणि डांबर दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात. शहराचा एकच आकडा सांगून ही थंडी समजत नाही.

निसर्गातल्या खुणांचे काय? आंब्याला मोहोर लवकर आणि भरघोस आला की थंडी चांगली, असे म्हणतात. पण मोहोर फुटायला गार रात्री आधी लागतात. तो झालेल्या थंडीचा पुरावा आहे, येणाऱ्या थंडीचा निरोप नव्हे. ठाण्याच्या खाडीत उतरणारे रोहित पक्षीही अन्नासाठी येतात. मुलुंडकरांना स्वेटर काढावे लागतील की नाही, हे त्यांच्याकडून कळत नाही. या खुणा टिपणाऱ्यांची नजर मात्र मोलाची आहे, कारण ऋतू खरोखर कधी पालटला हे तीच अचूक सांगते.

भारतीय हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारी या काळाचा तापमानाचा अंदाज देतो. तो संभाव्यतेच्या भाषेत असतो: अमुक भागात सरासरीपेक्षा जास्त किंवा कमी तापमानाची शक्यता किती. प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा गार असले, म्हणजे ला निना असले, तर उत्तर भारतात थंडी वाढण्याकडे कल असतो. ती मुंबईत कितपत पोचेल हे वाऱ्यावर ठरते. खरा उपयोगी अंदाज चार-पाच दिवसांचा. विक्षोभ काश्मीरवरून पुढे सरकला आणि गुजरातमध्ये नलियाचा पारा उतरला, की उपनगरांनी तयारी करावी. किनारी ठिकाणी किमान तापमान 15 अंश किंवा त्याखाली आले आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले, तर हवामान विभाग थंडीची लाट मानतो.

थंडी पडली की इमारतींच्या फाटकांशी राखणदार शेकोटी करतात, उद्यानातल्या आणि आरेतल्या आदिवासी पाड्यांवर चुलीभोवती माणसे बसतात. अशा शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही. तो वस्तीतच साचतो आणि लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या छातीत जातो. उघड्यावर कचरा जाळायला महापालिकेची मनाई आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. रात्रपाळीच्या राखणदाराला मात्र शेकोटी विझवा म्हणण्याआधी जाड कांबळे आणि दार लागणारी चौकी द्यायला हवी, आणि ती जबाबदारी त्या इमारतीत राहणाऱ्यांची आहे.