मोरपंखीचं बी

मी बोरी अरबचा. आमच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन. रानात साग आणि पळस. अशा गावच्या माणसानं सूचिपर्णी झाडांवर बोलावं, याचं कुणाला हसू येईल. देवदार आणि चीड ही हिमालयाची झाडं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. पण देवदाराच्या गोतातलं एक झाड तुमच्या-आमच्या अंगणात केव्हाचं उभं आहे. मोरपंखी! शाळेत असताना जिची पानं 'विद्या' म्हणून आपण पुस्तकात ठेवायचो, तीच ही.

तिचं मूळ घर चीन-कोरियाकडे. तिला फुलं येत नाहीत, खरं फळही धरत नाही. बी शंकूच्या खवल्यांवर वाढतं. कोकण किनाऱ्यावरचं सुरू मात्र दिसायला असंच असूनही फुलणाऱ्या झाडांतलं. नाव तेवढं त्यानं फारसीतल्या 'सर्व'चं घेतलं. उर्दू शायरीत प्रेयसीच्या बांध्याला उपमा देतात तो सर्व म्हणजे आपला सुरूच, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. खरा सर्व मोरपंखीच्या कुळातला.

आमच्या अंगणातली मोरपंखी अब्बांनी लावलेली. यवतमाळहून शकुंतला गाडीनं ते रोप मांडीवर घेऊन आले होते. अब्बा गेल्यावर भाईजान आणि मी घर वाटून घेतलं. दोरी धरली, तर ती नेमकी झाडाच्या बुंध्यावरून गेली. झाड काढल्याशिवाय भिंत होत नव्हती. आमचं बोलणं तर त्याआधीच बंद झालं होतं.

मग मनात आलं, निदान बी तरी धरावं. आषाढातच मी निळसर हिरवे, शिंगं फुटल्यासारखे शंकू तोडले. आतलं बी पांढरं, मऊ. पेरलं ते कुजलं. हौसेनं वाण्याकडचा चिलगोजाही पेरला. तोही सूचिपर्णी झाडाचंच बी ना! महिनाभर पाणी घातल्यावर वाणी म्हणाला, "भाऊ, तो भाजलेला असतो."

शंकू झाडावरच पिकू द्यायला हवे होते. पण गवंडी श्रावणानंतर येणार होता. नाइलाजानं भाईजानच्या दारात गेलो. म्हटलं, "भिंत दिवाळीनंतर घालू या. बी पिकायचं आहे." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "बियांसाठी आलास?" म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

आश्विनात शंकू तपकिरी झाले. उकलण्याच्या बेतात असतानाच काढून कागदावर सावलीत पसरले. दोन-चार दिवसांत बी आपोआप गळलं. गव्हाच्या दाण्याएवढं, पंख नसलेलं. रात्रभर पाण्यात ठेवलं, तरंगलेलं फेकलं. वाळू, माती आणि चाळलेलं शेणखत मिसळून अर्धा सेंटिमीटर खोल पेरलं. महिन्याभरात 11 रोपं वर आली. पहिली पानं सुईसारखी. मोरपंखीची चपटी नक्षी मागाहून येते. लाडानं पाणी जास्त झालं आणि चार रोपं बुडातून काळी पडून आडवी झाली. भाईजान भिंतीच्या पायाजवळ उभे राहून म्हणाले, "अरे, कापूसवाल्याच्या पोरा, मर रोग ओळखता येत नाही?" तेव्हापासून बोटानं माती चाचपून, वरचा थर सुकल्यावरच पाणी देतो. पहिले दोन उन्हाळे रोपांवर गोणपाटाची सावली धरली.

झाड गेलं. ते वाचलं नाही, हे सांगायलाच हवं. कुऱ्हाड पडली तेव्हा आम्ही दोघंही घरात होतो. बाहेर कुणी आलं नाही. आता भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक रोप आहे. बाकीची गावात वाटली. वाढ फार सावकाश. तीन वर्षांत कमरेलाही लागत नाहीत.

परवा भाईजानचा नातू आला आणि माझ्या रोपाची फांदी मोडून पुस्तकात ठेवू लागला. एवढ्याशा रोपाची फांदी! मी ओरडणार होतो. इतक्यात पलीकडून भाईजानचा आवाज आला, "माझ्याकडची घे रे, ती उंच आहे."

उंच मुळीच नाही. मी मोजलेली आहे.