नर्स झाल्यानंतर पुढे काय?

(मुलींसाठी घेतलेल्या मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला आहे ‘नर्सिंगमधील संधी’. नर्स कसे व्हायचे हे सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. कॉलेजवाले तर घरी येऊन सांगतात. नर्स झाल्यानंतर पुढे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. आपल्या वस्तीतल्या मुली जीएनएम होतात, घराजवळच्या दवाखान्यात लागतात आणि दहा वर्षे त्याच खुर्चीवर, जवळजवळ त्याच पगारावर राहतात. नाहीतर निकाह झाला की डबा, मुले आणि सासर. म्हणून मी आज त्या दहा वर्षांबद्दल बोलणार आहे.

सुरुवातीचे थोडक्यात सांगते, कारण इथे बारावीच्या मुली आहेत. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावी सायन्स, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागते. जीएनएमला आर्ट्सची मुलगीही चालते, पण बारावीला इंग्रजी विषय हवा आणि त्यात ४० टक्के हवेत. उर्दू माध्यमातल्या मुलींनी हे नीट ऐका. मी स्वतः उर्दू माध्यमाची आणि आर्ट्सची. मला दार उघडले ते इंग्रजीच्या त्या गुणांनी. एएनएम दोन वर्षांचे. याखेरीज सहा महिन्यांचा ‘नर्सिंग केअर’, एक वर्षाचा ‘नर्सिंग असिस्टंट’ अशा पाट्या तुम्ही गल्लोगल्ली पाहिल्या असतील. पांढरा गणवेश तिथेही मिळतो, फोटोही छान निघतो. पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नसेल तर कायद्याने तुम्ही नर्स नाही. पुढचे शिक्षण नाही, सरकारी भरती नाही, परदेशही नाही. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: कौन्सिलची नोंदणी मिळते का? उत्तर लांबायला लागले की उठून यायचे.

आता मुद्द्यावर येते. पहिली नोकरी.

जीएनएमनंतर मी एका खासगी दवाखान्यात लागले. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण तसे दवाखाने सगळ्याच शहरांत आहेत. तीन वर्षांच्या बाँडवर सही घेतली आणि माझी मूळ प्रमाणपत्रे, मार्कलिस्ट आणि कौन्सिलचे प्रमाणपत्र ‘सुरक्षित राहावे म्हणून’ ऑफिसच्या कपाटात ठेवले. चौदा महिन्यांनी मला आयसीयूत काम मिळत होते, दुसऱ्या शहरात. कागद मागितले तर उत्तर आले, बाँडचे पैसे भरा. तोंडी मागणे मी बंद केले. तारीख घालून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. कौन्सिलला प्रत पाठवत असल्याचे त्यात लिहिले. आपल्याच चळवळीतल्या एक वकील बाई माझ्याबरोबर एकदा ऑफिसात येऊन फक्त बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात कागद परत मिळाले.

मूळ कागद दाखवायचे असतात, ठेवून घ्यायला द्यायचे नसतात. झेरॉक्स द्या, साक्षांकित करून द्या, हवे तर रोज मूळ दाखवा. रुग्णालयाला तपासण्याचा हक्क आहे, कपाटात कोंडण्याचा नाही.

पगाराचेही सांगते. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराचा प्रश्न ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने सर्वोच्च न्यायालयात नेला होता. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले. त्या समितीने शिफारस केली की २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका असावा, १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान दवाखाना असला तरी २० हजारांच्या खाली नको. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली, आणि लहान गावांत ती कशी आहे हे इथे नोकरी करणाऱ्या मुलींना विचारा, त्या हसतील. तरी हे आकडे पाठ ठेवा. मुलाखतीत पगार विचारला की आपल्या मुली ‘आप जो देंगे’ म्हणतात. नमाजी माणसाच्या नम्रतेने म्हणतात, मला कळते. पण समोरचा जे देईल ते लिहून घेतो आणि पुढची पगारवाढ त्याच आकड्यावर मोजतो.

नोकरी कधी बदलायची? माझे मत स्पष्ट आहे. हजार-दोन हजारांसाठी बदलू नका, विभागासाठी बदला. जनरल वॉर्डातून आयसीयूत, डायलिसिसला, नवजात शिशूंच्या कक्षात किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये जाता येत असेल तर पगार तेवढाच राहिला तरी जा. मी डायलिसिस युनिटमध्ये अडीच वर्षे होते. (हमीद दलवाईंची शेवटची वर्षे मूत्रपिंडाच्या आजारात गेली, हे मला तिथे काम करताना पुन्हा पुन्हा आठवायचे. मशिनला लावलेला माणूस चार तास जागचा हलू शकत नाही, आणि हा माणूस त्या आजारातही लिहीत, बोलत राहिला.) डायलिसिसने मला यंत्र शिकवले, संसर्ग कसा पसरतो ते शिकवले, आणि पुढे मी संसर्ग नियंत्रणाकडे वळले ते त्यामुळेच.

सोडताना अनुभवाचे पत्र घ्याच, आणि ते नीट लिहून घ्या. ‘यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली’ एवढ्याने काही होत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विभागात आणि रुग्णालय किती खाटांचे, हे हवे. खाटांचा आकडा का? एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची नॉरसेट परीक्षा आहे. बी.एस्सी. झालेली मुलगी थेट बसू शकते. जीएनएम झालेलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्या पदाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होतो. म्हणजे तीस खाटांच्या दवाखान्यात पाच वर्षे राबलेली मुलगी या परीक्षेला बसू शकत नाही आणि साठ खाटांच्या ठिकाणी दोन वर्षे केलेली बसू शकते. एम्स नागपूरलाही आहे, दिल्लीलाच जायला हवे असे नाही.

आखातात किंवा इंग्लंडला जायचे असेल तर हेच पत्र परत तपासले जाते. आखाती देशांसाठी डेटाफ्लो नावाची पडताळणी असते. ते थेट तुमच्या जुन्या रुग्णालयाला विचारतात, ही बाई तुमच्याकडे होती का. म्हणून भांडून, निरोप न देता, ड्यूटी टाकून नोकरी सोडू नका. नोटीस द्या, चार्ज द्या, पोच घ्या. इंग्लंडसाठी इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी, मग संगणकावरची परीक्षा, मग तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक. जर्मनीला जर्मन भाषा. आणि एजंट जर म्हणाला, ‘पासपोर्ट माझ्याकडे ठेवा’, तर कपाटाची गोष्ट आठवा.

आता एक किरकोळ वाटणारी गोष्ट, पण मी शपथेवर सांगते, आपल्या मुलींचे सगळ्यात जास्त अर्ज तिथे अडकतात. नावाचे स्पेलिंग. दहावीच्या बोर्डावर ‘शेख’ एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. वडिलांचे नाव कुठे मोहम्मद, कुठे मोहंमद, कुठे नुसते ‘मो.’ आणि पुढे टिंब. निकाहनंतर आडनाव बदलले की चौथा अवतार. माझ्याबरोबरच्या एका मुलीचे परदेशाचे काम या एका कारणाने वर्षभर रखडले. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे तेच सगळीकडे करून घ्या, आज, लग्नाआधी. आणि लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणत्याही कायद्यात नाही, आपल्या शरीयतमध्येही नाही. उलट आपल्याकडे बाई बापाच्या नावानेच ओळखली जात आली. ही नवऱ्याचे आडनाव लावायची पद्धत आपण शेजाऱ्यांकडून घेतली आणि आता तिलाच दीन समजतो.

पुन्हा शिकण्याविषयी. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. असते, त्यानंतर दोन वर्षांचे एम.एस्सी. एम.एस्सी.साठी किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. महाराष्ट्रात या पदव्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या किंवा एसएनडीटीसारख्या विद्यापीठांच्या आहेत. एवढा वेळ नसेल तर एका वर्षाचे विशेष डिप्लोमे आहेत, क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कॅन्सर. परळच्या टाटा हॉस्पिटलचा कॅन्सर नर्सिंगचा डिप्लोमा आहे. नवी पदवी मिळाली की ती कौन्सिलकडे वाढीव पात्रता म्हणून नोंदवायची, नाहीतर ती फक्त भिंतीवर लावायला.

शिकण्यात अडचण बुद्धीची नसते. पूर्ण वेळ शिकायचे म्हणजे दोन वर्षे पगार बंद. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही घरात हिशेब मांडला: फी, भाडे, दूध, रिक्षा. सासूबाईंनी मुलगी सांभाळायचे कबूल केले, पण त्यांची अट होती की रविवारी मी त्यांना सोडवायचे. नवऱ्याने दुकानात एक तास जास्त बसायचे ठरवले. दोन वर्षे आमच्या घरात नवे कपडे ईदलाच आले. हे मी त्यागाची कहाणी म्हणून सांगत नाही. अम्मी लोकहो, तुम्ही मुलीच्या लग्नासाठी सोने जमवता ना, तसे एका पदवीचे पैसे बाजूला ठेवता येतात, आणि मुलाकडच्यांशी मेहरची बोलणी करताना ‘आमची मुलगी पुढे शिकणार आहे’ हेही त्याच बैठकीत बोलता येते. निकाहनाम्यात अट लिहिता येते. लिहा.

फीबद्दल एक माहिती. जुलै २०२४ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर माफी नाही. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, पिंजारी अशा कित्येक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढायचा म्हटले की लोक म्हणतात, इस्लाममध्ये जात नाही. बरोबर आहे, इस्लाममध्ये नाही. तहसील कार्यालयात आहे. दाखला काढा.

नाइट ड्यूटी आणि परपुरुषांना हात लावणे, हे दोन आक्षेप मी पंधरा वर्षे ऐकते आहे. त्यावर पैगंबरसाहेबांच्या काळातल्या रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव सांगतात, मशिदीजवळ तंबू उभारून त्यांनी जखमींची शुश्रूषा केली म्हणून. ते नाव घेऊन एखाद्या मुलीला घरून परवानगी मिळत असेल तर घ्या, मीही घेते. पण मला विचाराल तर आजारी माणसाला हात लावायला चौदाशे वर्षांपूर्वीचा दाखला लागू नये. याच महाराष्ट्रात सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. रुग्ण कोणाचा, कोणत्या जातीचा, हे त्यांनी विचारले नव्हते.

आणि बाहेरचे लोक काय करतात, तेही लपवत नाही. पुण्यात खोली शोधताना फोनवर सगळे ठरायचे आणि नाव सांगितले की ‘आत्ताच दिली हो’. म्हणून नोकरी घेताना हॉस्टेल आहे का, हे पगाराइतकेच महत्त्वाचे समजा. २०२० च्या एप्रिलमध्ये, टीव्हीवर दिवसभर आपल्या लोकांची नावे चालू असताना, एका रुग्णाच्या मुलाने माझ्या बिल्ल्यावरचे नाव वाचले आणि विचारले, दुसरी सिस्टर नाही का? मी म्हटले, आहे, पण तिची ड्यूटी रात्री आठला सुरू होते, तोवर बाबांची सुई मीच बघणार. आठ वाजेपर्यंत तो तिथेच उभा होता. जाताना काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चहा आणला. तो बदलला की नाही, मला माहीत नाही. बाबांची सुई मात्र व्यवस्थित होती.

स्कार्फचे विचारतात. बऱ्याच ठिकाणी डोक्याचा रुमाल चालतो, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतही चालतो. कोपरापासून खालचा हात मात्र उघडा लागतो, कारण हात कोपरापर्यंत धुवायचा असतो. हा जंतूंचा नियम आहे, कोणाच्या धर्माचा नाही. आपण वुजूतही हात कोपरापर्यंतच धुतो.

आज मी संसर्ग नियंत्रण नर्स आहे. असे पद असते हे मला स्वतःला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळले. एनएबीएच मान्यता हवी असलेल्या रुग्णालयाला हे पद लागते. नाइट क्वचित, पगार वॉर्डापेक्षा बरा, आणि मोठे डॉक्टरसुद्धा हात न धुता आत आले तर त्यांना बाहेर उभे करायचा अधिकार. तो अधिकार मला फार आवडतो.

मी चार वाजेपर्यंत इथे आहे. ज्यांनी मार्कलिस्ट आणि आधार आणले आहे त्यांनी रांगेत या, आधी स्पेलिंग बघू.