शिक्षण संपताच बालरुग्ण कक्षात



घाटनांदूर परिसरातील एखादी कन्या परिचर्येचे शिक्षण पूर्ण करते, तेव्हा घरी आनंदाबरोबर एक शंकाही प्रवेश करते. पहिलीच नेमणूक बालरुग्ण कक्षात मिळत असेल, तर ती स्वीकारावी काय? अनेक जाणत्या परिचारिकांचे म्हणणे असे की, आधी वर्ष-दोन वर्षे मोठ्या माणसांच्या कक्षात हात बसवावा, मग मुलांकडे वळावे. हा सल्ला आपुलकीचा खरा. परंतु तो सर्वस्वी ग्राह्य मानण्याचे कारण नाही.

प्रौढांच्या शुश्रूषेत जे अंगवळणी पडते, त्यातील पुष्कळसे बालकाच्या खाटेजवळ बाजूला ठेवावे लागते. प्रौढाला अनेक औषधांची ठरावीक मात्रा चालते. बालकाची मात्रा त्याच्या वजनावरून, किलोमागे मिलिग्रॅम अशा हिशेबाने काढावी लागते, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले तरी ती दहापट होते. मिनिटाला 40 श्वास हे मोठ्या माणसात संकटाचे लक्षण, तर नवजात शिशूत ते स्वाभाविक असते. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, त्यापुढे वर्षाच्या आत 50 किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, की तातडीने डॉक्टरांना कळवावे लागते. शिवाय तान्हे बाळ आपले दुखणे सांगत नाही. त्याने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, तळपाय गार पडले, हीच त्याची तक्रार. ही भाषा आरंभापासून शिकलेली बरी. मुंबईत केवळ बालकांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय 1929 सालीच उभे राहिले, ते याच वेगळेपणामुळे.

मात्र नवशिक्या परिचारिकेवर पहिल्याच रात्रपाळीत सारा कक्ष सोपविणे हा तिच्यावर आणि बालकांवरही अन्याय होय. शासकीय नवजात शिशू कक्षांसाठी चार दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन आठवडे अनुभवी कक्षात राहून निरीक्षण, अशी योजना आखलेली आहे. वेतन किती, हे घरची मंडळी विचारतातच. त्याआधी विचारावे ते हे की, सोबत ज्येष्ठ परिचारिका किती आठवडे राहील आणि काढलेली मात्रा दुसरे कोण तपासून पाहील. उत्तर टाळले गेले, तर ती नेमणूक नाकारण्यात कमीपणा नाही.

अंबाजोगाईस 1974 साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, त्यामुळे या भागातील मुलांना मोठे रुग्णालय जवळ आले. तेथे येणाऱ्या कित्येक माता दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. अशा मातेस लसीची पुढील तारीख सांगून भागत नाही; कारखान्याजवळ ती लस कोठे मागावी, पत्रिका पालावर कोठे जपावी, हेही सांगावे लागते. या गावच्या मुलीस ते निराळे शिकवावे लागत नाही.