जुन्या शहरात नवं विद्यापीठ
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऐतिहासिक शहरात नवं विद्यापीठ बांधायचं तर ते कसं असावं, यावर आम्ही आज दोन शब्द बोलणार आहोत. विषय इंजिनिअर लोकांचा वाटेल, पण तो आपल्या माळेगावचाही आहे. विहाराशेजारी अभ्यासिका बांधायची आहे आणि नकाशावरून मतभेद आहेत. कोणी म्हणतं, हुबेहूब लेण्यासारखी कमान पाहिजे. कोणी म्हणतं, जुनं पाडा आणि काचेची तीन मजली इमारत उठवा.

बाबासाहेबांपुढं हा प्रश्न दोनदा आला. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. पुढे फोर्टातल्या उभ्या इमारती घेऊन त्यांना आनंद भवन, बुद्ध भवन अशी नावं दिली. गजबजलेल्या शहरात मोकळी जागा मिळणार कुठं? जुन्या भिंतींच्या आत नवं शिक्षण सुरू झालं.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, परिस्थिती वेगळी होती. तिथं मोकळा माळ होता. पण त्या परिसरात पाणचक्की, बीबी का मकबरा आणि डोंगरात कोरलेली बौद्ध लेणीही होती. १९५० साली तिथं कॉलेज सुरू झालं आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब तिथं मुक्काम करून बांधकामावर जातीनं लक्ष ठेवत. जागेच्या इतिहासाशी नातं त्यांनी नावातून जोडलं : मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन. मिलिंद राजानं प्रश्न विचारले, भिक्खू नागसेनांनी उत्तरं दिली. पोरांनी न भिता प्रश्न विचारावेत, हा त्या नावाचा अर्थ.

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ त्याच डोंगराच्या पायथ्याशी आलं. नामांतराच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. आजही त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर हजारो माणसं जमतात. गेट दगडामातीचं असतं. त्याला मोल येतं ते माणसांच्या त्यागानं.

अशा जागी बांधताना काही पथ्यं पाळावी लागतात. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. त्या शहराखालून मलिक अंबरच्या काळापासूनच्या पाण्याच्या नहरी गेल्या आहेत. पाया खणताना त्या फुटल्या तर जुनं पाणी कायमचं तुटतं. इमारत इतकीही उंच नको, की मागचा डोंगर आणि लेणी झाकली जातील.

मग जुन्याकडून घ्यायचं काय? बघा, लेण्यातल्या विहारात मधे मोठा मंडप असतो आणि तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. मधे एकत्र बसायचं, बाजूला एकांतात अभ्यास करायचा. नालंदाच्या अवशेषांतही मधे अंगण आणि भोवती खोल्याच दिसतात. नक्षीपेक्षा ही मांडणी घेण्यासारखी आहे. बिहारमध्ये राजगीरला नालंदा विद्यापीठाचा नवा परिसर उभा राहिला, त्याचं उद्घाटन जून २०२४ मध्ये झालं. पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांच्या संस्थेनं तो आखला. सुमारे ४५५ एकरांच्या त्या जागेत मोठमोठे तलाव आहेत, आणि उन्हाळ्यात खोल्या गार राहाव्यात म्हणून भिंती जाड ठेवल्या आहेत.

आपली अभ्यासिका लहान असेल, पण नियम तोच. ती विहारापेक्षा उंच नसावी. मधे मोठी खोली, बाजूला शांत बसायच्या जागा, भरपूर उजेड आणि वारा असावा. छताचं पाणी टाकीत साठावं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढता येईल असा उतार दारात असावा. आणि मुलींना रात्री नऊपर्यंत निर्धास्त बसता यावं, म्हणून दार वस्तीच्या रस्त्याकडं असावं. कमानीचा खर्च वाचेल, त्यात पुस्तकांचं एक कपाट भरेल.

बांधवांनो, पुढच्या बैठकीत नकाशा समोर ठेवू तेव्हा आधी पोरापोरींना विचारा, त्यांना बसायला कसं पाहिजे. त्यांचं ऐकूनच पाया आखू.

जयभीम! नमो बुद्धाय!