औंधचे स्वराज्य : आपण होऊन सत्ता सोडणाऱ्या राजाची कथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



 सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने महाराष्ट्राच्या थोरवीचे गुणगान करावे आणि श्रोत्यांनी समाधानाने घरी जावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी आज तो थोडा मोडणार आहे. गावचा कारभार कोणाच्या हाती असावा, आणि तो एका हातातून दुसऱ्या हाती कसा जावा, हा माझा आजचा विषय आहे. विषय वरवर पाहता रूक्ष वाटेल. परंतु त्यात एक राजा आहे, त्याचा तरुण पुत्र आहे, एक परदेशी संन्यासी आहे आणि साक्षात महात्मा गांधी आहेत. तेव्हा कंटाळा येण्याचे भय बाळगू नये.

आपण लखनौकर आहोत. या शहराच्या भिंतींनी सत्तांतराची जी तऱ्हा पाहिली, ती आपल्याला ठाऊक आहे. १८५६ च्या फेब्रुवारीत कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याच्या मटियाबुर्जात जाऊन राहिले. त्यांच्या कैसरबागेतील परीखान्यात आज आपल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली रुजवलेली संगीतविद्या शिकवली जाते, हा काळाचा एक हृद्य योगायोग. येथून फार दूर नसलेल्या ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावाने राज्य गमावल्यावर पेन्शनीवर उर्वरित आयुष्य काढले. १८५१ साली त्यांचा अंत होताच कंपनीने ती पेन्शनही नानासाहेबांना नाकारली. झाशीचे संस्थान १८५४ साली खालसा झाले. सारांश, सत्ता हिरावून घेतली जाते, हा धडा उत्तर हिंदुस्थानातील मराठी माणसाला नव्याने शिकवावा लागत नाही. सत्ता आपण होऊन सोडली जाते, हे मात्र क्वचित पाहायला मिळते. तशी एक गोष्ट सातारा जिल्ह्यातील औंध येथे घडली.

औंध हे संस्थान कसले म्हणायचे? बहात्तर खेड्यांचा कारभार, सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तोही मुलूख एकसंध नव्हता. काही भाग औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर एक तुकडा थेट विजापूरच्या बाजूस गुणदाळ येथे. मधल्या जागी दुसऱ्यांच्या हद्दी. पाऊस बेताचा, जमीन बव्हंशी माळरानाची. पंतप्रतिनिधींचे राजघराणे मोठ्या परंपरेचे होते, परंतु खजिना मोठा नव्हता.

१९०९ साली श्रीमंत भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. हा माणूस विलक्षण होता. सूर्यनमस्काराचा प्रसार हे त्यांचे जीवितकार्य होते. ते स्वतः चित्रकार होते आणि जमवलेल्या कलाकृतींसाठी त्यांनी औंधच्या डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभारले. आजही यमाई देवीच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू ते पाहिल्यावाचून परतत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी त्यांनी आपल्या हद्दीत जागा दिली, तेथे किर्लोस्करवाडी वसली. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वेदाध्ययनाचा स्वाध्याय मंडळ हा उद्योग दीर्घकाळ औंधातच चालला. गवयांपैकी अंतूबुवा जोशी औंध दरबारचे. आपल्या येथील संगीत महाविद्यालयाची धुरा पुढे ज्यांनी वाहिली त्या श्रीकृष्ण रातंजनकरांनी लहानपणी याच अंतूबुवांकडे तालीम घेतली होती. म्हणजे लखनौचे औंधशी नाते अगदीच नाही, असे नाही.

आता मुख्य कथेकडे येतो. राजेसाहेबांचे पुत्र आप्पासाहेब पंत विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन परतले होते. त्याच सुमारास बंगळूरला विजेच्या साहित्याच्या कारखान्यात काम करणारे मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश इंजिनीयर औंधच्या परिचयाचे झाले. हे गृहस्थ संन्यास घेऊन भारतानंद झाले होते. पुढे अनेक वर्षांनी मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणून १९७३ साली जगापुढे ठेवणारे फ्रिडमन ते हेच. राजाने आपले अधिकार प्रजेच्या स्वाधीन करावेत, ही कल्पना या मंडळींच्या विचारविनिमयातून पुढे आली आणि बाळासाहेबांनी ती मान्य केली. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. सत्तरीला आलेला, तीस वर्षे गादीवर बसलेला राजा हे करीत होता, हे ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी राजकोटसारख्या संस्थानांत प्रजेला सत्याग्रह करावा लागत होता.

आप्पासाहेब व फ्रिडमन सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. गांधीजींनी घटनेच्या मसुद्यात स्वतः लक्ष घातले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वरून खाली झिरपणारे स्वराज्य खरे नव्हे. ते खेड्यातून वर चढले पाहिजे. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य राज्यघटना अमलात आली. गावाने आपली पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांनी मिळून तालुक्याची समिती बनवायची. आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळात प्रतिनिधी जायचे. छोटेमोठे तंटे गावातच मिटावेत आणि गावच्या उत्पन्नाचा पुरेसा वाटा गावाच्या कामासाठी राहावा, असा तिचा रोख होता. राजघराण्याने साधेपणाने राहावे, ही अपेक्षा होती. आप्पासाहेबांनी राजवाड्यातील सुखासनावर न बसता खेडोपाडी हिंडून काम करावे, असा गांधीजींचा आग्रह होता. आणि तो त्यांनी पाळला.

या व्यवस्थेतील एक प्रयोग फार बोलका आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभारण्यात आली. तेथे शिक्षा भोगणारे कैदी कुंपणाविना, भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करू लागले. ज्या राज्याने आपल्या प्रजेवर विश्वास टाकला, त्याने आपल्या गुन्हेगारांवरही टाकावा, हे ओघानेच आले. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, त्याचे मूळ येथे आहे. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांचे बंधू व्यंकटेश यांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) तरुण मास्तर ज्या सरकारची नोकरी करतो, ते सरकारही औंधचेच. मराठी वाचकाने औंधचा माळ वारंवार पाहिला आहे. तो कोणाच्या अंमलाखालचा होता, याची मात्र चौकशी केली नाही.

तथापि, सुवर्णमहोत्सवातील व्याख्यान म्हणून मी केवळ स्तुती केली, तर तो औंधच्या प्रयोगाचा अवमान होईल. त्यात उणिवा होत्या. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. उद्देश उदात्त होता. मताच्या ओढीने माणूस अक्षरे गिरवील, अशी ती आशा होती. परंतु त्या काळच्या खेड्यात अक्षरशत्रू कोण होते? बव्हंशी स्त्रिया, भूमिहीन मजूर आणि ज्यांना शाळेच्या ओसरीवरही बसू देत नसत ते लोक. ज्यांना कारभारात आवाज मिळण्याची सर्वांत अधिक गरज, तेच अटीच्या बाहेर राहण्याचा धोका. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १९५० साली प्रौढ मताधिकाराला साक्षरतेची अट घातली नाही, हा शहाणपणाचा निर्णय होता. दुसरी उणीव अशी, की अप्रत्यक्ष निवडणुकीत वरच्या पायरीवर पोचणारा माणूस खालच्या मतदारापासून दूर जातो. आणि तिसरी अशी, की हे सारे एका राजाच्या मर्जीने घडले होते. मर्जीने आलेले स्वराज्य मर्जीने जाऊही शकते.

परंतु ते गेले नाही, हे औंधचे श्रेय. महायुद्धाची वर्षे आली, ४२ चे आंदोलन पेटले, सातारच्या मुलखात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, आणि औंधच्या हद्दीतील कुंडल हे त्या कार्यकर्त्यांचे एक प्रमुख ठिकाण बनले. राजाने घटना गुंडाळून ठेवली नाही. अखेर १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेबांचे निधन झाले. आप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले.

नऊ वर्षांच्या या प्रयोगाचा पुढे उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात १९६२ साली ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय रचना सुरू झाली. ती औंधची नक्कल होती असे मी म्हणणार नाही. परंतु औंधच्या म्हाताऱ्या माणसांना ती ओळखीची वाटली असेल, यात संशय नाही. १९९३ साली त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या अमलात आल्या. गावाचे आणि शहराचे स्वराज्य राज्य सरकारच्या कृपेवर न ठेवता त्याला संविधानाचा आधार मिळाला. एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. आपल्या लखनौलाही २०१७ साली संयुक्ता भाटिया यांच्या रूपाने पहिल्या महिला महापौर लाभल्या. जी साक्षरतेच्या अटीने बाहेर राहिली असती, तिची नात सरपंचाच्या खुर्चीवर बसली. हा बदल मी औंधच्या घटनेहूनही मोठा मानतो.

मात्र कायदा झाला म्हणजे वृत्ती बदलतेच असे नाही. महाराष्ट्रात नगराध्यक्ष कोणी निवडावा, या एका प्रश्नाची कथा पाहा. २०१६ साली तो थेट जनतेने निवडावा असे ठरले. २०२० साली तो नगरसेवकांनी निवडावा असे ठरले. २०२२ साली पुन्हा थेट जनतेने. दोन्ही पद्धतींच्या बाजूने प्रामाणिक युक्तिवाद करता येतो. परंतु मुंबईतील सरकार बदलले की गावच्या खुर्चीचे पायही बदलतात, हे काही ग्रामस्वराज्याचे लक्षण नव्हे. त्यानंतर तर मुदत संपलेल्या कितीतरी नगरपालिकांचा कारभार निवडणुकीवाचून बराच काळ प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल ज्याला मत मागायला यायचे नाही, त्याला दारात अडवता येत नाही. पाऊण लाख वस्तीच्या संस्थानच्या राजाला जे कळले, ते मोठ्या राज्यांनी विसरू नये.

आता शेवटचा मुद्दा. आणि तो, क्षमा असावी, आपल्या घरचा आहे. परप्रांतातील महाराष्ट्र मंडळ ही तरी काय, एक लहानशी नगरपालिकाच. तिला घटना आहे, निवडणूक आहे, जमाखर्च आहे, गणपतीच्या वर्गणीवरून होणारे वाद आहेत, आणि सभागृहाच्या किल्ल्या कोणापाशी राहाव्यात हा सनातन प्रश्नही आहे. मंडळाच्या वार्षिक सभेत आपण दर वेळी काय ऐकतो? ‘तरुण पुढे येत नाहीत हो!’ मी स्वतः हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. मीही एके काळी कार्यकारिणीत होतो, आणि ‘माझ्यावाचून कोण करणार’ या गोड समजुतीने गरजेपेक्षा अधिक वर्षे राहिलो. मी बाजूला झालो त्या वर्षी गणेशोत्सव नेहमीपेक्षा वाईट झाला नाही. खरे सांगायचे तर थोडा बराच झाला. त्या दिवशी मला वाईटही वाटले आणि हायसेही वाटले.

तरुण पुढे येत नाहीत, हे खरे असेल. परंतु आपण पुढची जागा रिकामी केली होती काय? बाळासाहेबांनी मुलाला राजवाडा वारशाने दिला नाही, खेड्यात पाठवले. त्यांनी प्रजेला ‘तुम्ही आधी लायक व्हा, मग देतो’ असे म्हटले नाही. कारभार करता करताच कारभार शिकता येतो, हे त्यांनी ओळखले. चुका होणार हे गृहीत धरले. आपल्या घरांतून आज अशी मुले आहेत, की ज्यांचे मराठी अडखळते, बोलताना मध्येच हिंदीचा शब्द येतो. त्यांच्या हाती मंडळ दिले, तर इतिवृत्तात चार अशुद्ध शब्द येतील. येऊ द्यावेत. शुद्ध इतिवृत्त आणि रिकामे सभागृह, यांपेक्षा अशुद्ध इतिवृत्त आणि भरलेले सभागृह मला अधिक प्रिय आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, ते त्या वेळी वृद्ध नव्हते. कोणी नोकरीनिमित्त आलेले, कोणी नुकता संसार मांडलेले. त्यांना कोणी अधिकार दिला नव्हता; त्यांनी तो घेतला. आता तो देण्याची पाळी आपली आहे. येत्या वार्षिक सभेत जुन्या पदाधिकाऱ्यांनी आपण होऊन किल्ल्या टेबलावर ठेवाव्यात आणि नव्यांच्या चुका सुधारण्यासाठी, विचारले तरच, हाताशी असावे, एवढीच माझी विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाचे याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.